सोमारीची जमानत आणि माझं कोमल मन

३ मार्च १९९९, आलापल्ली
शेजारच्या बाबूभाई टेलरच्या मुलीनं, निशातनं, पुस्तक दिलं. जेलात राहून आलेल्या एका बाईचं आत्मकथन. पहिल्याच प्रकरणात ढसाढसा रडलो. एवढं कोमल मन घेऊन मी मास्तरकी कशी केली, देव जाणे. संकल्प: उरलेलं आयुष्य कैदी स्त्रियांसाठी. दारू बंद. (जिल्ह्यात तशीही बंदच आहे.)

५ मार्च
लेख सुरू. 'माझ्या बंदिवान भगिनींनो' इथपर्यंत झाला. चहा नाही, भांडी तशीच. कामवाली सोमारी आलीच नाही. दुपारी कळलं, मोहाच्या दारूची बाटली सापडली म्हणून पोलिसांनी तिला नेलं. बाटली माझ्याकडेच येत होती. कफासाठी, शेवटची. लेखात उल्लेख नको, विषय भरकटतो.

६ मार्च
सोमारीचा नवरा जंगू आला. म्हणाला, मास्तर, तिले चंद्रपूरच्या जेलात टाकलं. जमानतीले घर नावावर असलेला मानूस लागते म्हंते वकील. तुमचं घर हाय. मी त्याला बसवून पुस्तकातली दोन प्रकरणं वाचून दाखवली. शेवटी त्यानं विचारलं, मंग सोमवारी येता ना कोर्टात? म्हटलं, नक्की.

८ मार्च
महिला दिन! शाळेत भाषण. विषय अर्थातच तुरुंगातल्या स्त्रिया. दोन शिक्षिकांनी पदर डोळ्यांना लावला. आज सोमवार, हे हार गळ्यात पडल्यावर आठवलं. जंगू बसस्टँडवर थांबला होता म्हणे. एक माणूस कुठे कुठे पुरणार?

१० मार्च
जंगू सकाळपासून दाराबाहेर ओट्यावर बसलाय. कोर्टात साहेबांनी विचारलं, बाटली कोणासाठी, तर? रिटायर्ड मास्तर, गावात मान. बीपी वाढलंय. कडी लावून आत बसलोय. पेपर ओट्यावर पडलाय, तोही घेता येत नाही. कैद म्हणजे काय ते आता आतून कळलं. लेखाला धार येणार.

११ मार्च
उद्या जायचंच म्हणून शर्टाला इस्त्री केली. तर बाबूभाई आजच जमानत देऊन आले. माणूस पहिल्यापासून उतावळा. निशात पुस्तक परत घेऊन गेली. दारातूनच. बस म्हटलं, बसली नाही.

१३ मार्च
सोमारी आली. वाळली आहे. म्हटलं, तुझं सगळं दुःख मी जाणतो. ती उंबऱ्याबाहेरच उभी. म्हणाली, ठान्यात लय इचारलं, बाटली कोनाची. म्या तुमचं नाव नाई घेतलं, मास्तर. बिनघोर राहा. मग म्हणाली, कामाले दुसरी बाई पाहून घ्या. मले इथी भेव लागते.

ती गेल्यावर भांडी घासायला बसलो. डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक तर जवळ नव्हतं.