पोचम्मानं परत धाडलेला कोंबडा

प्रिय शिवांगी,

हे 'प्रिय' तुझ्या आईनं स्वतःच्या मनानं घातलंय. मी 'ए भवाने' असं सांगितलं होतं. मी ओट्यावर बसून बोलून राहिले आणि ती लिहून राहिली. माझं बोलणं तिच्या पेनातून जाताना अंघोळ करून, डोक्याला तेल लावून बाहेर पडतं. म्हणून कुठं शहाण्यासारखं वाटलं तर ते तिचं समज, आणि कुठं टोचलं तर माझं. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुझ्या बापाचं नाव निघालं की तुझी रेंज बरोबर जाते. कागदाला रेंज लागत नाही. शिवाय मला अक्षर येत नाही, त्यामुळं लिहून झाल्यावर सगळं वाचून दाखवावं लागतं. म्हणजे सुनेला माझं बोलणं दोनदा ऐकावं लागतं. या वयात एवढं सुख पुरे.

घरी सगळं बरं आहे. म्हशीला वगार झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. मूग फुलावर आलाय. माझे गुडघे बोलतात, पण मी त्यांना उलट उत्तर देते. तुझा बाप परवापरवापर्यंत दाढी वाढवून फिरत होता, विचारलं तर ब्लेड संपलं म्हणायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू कोंबड्यांच्या शेडच्या दारात उभी राहून त्याला बोललीस ना, "पप्पा, हे शेड न्हाई, जेल हाय. नवं बांधलंत तर मी या घरात पाय ठेवणार न्हाई," आणि बॅग उचलून उदगीरला गेलीस, तेव्हापासून नायगावच्या सगळ्या दुकानांतलं ब्लेड संपलं होतं. माझ्या लेकाला मी व्यंकट असं देवाचं नाव ठेवलं, पण देवासारखं गप्प बसायचं एवढंच त्यानं घेतलं.

तू ढोरांच्या डॉक्टरकीला गेलीस याचा मला लई अभिमान आहे. ओट्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, नको असलं तरी सांगते. पण तुम्हा पोरींना वाटतं, आधी कोंबड्या अंगणात मोकळ्या फिरायच्या म्हणून आम्ही सगळे पुण्यवान होतो. कोंबड्या फिरायच्या, खरं आहे. पण शिजायच्या कधी? जावई आला तर, नाहीतर कोंबडीच आजारी पडली तर. आणि शिजल्यावर पातेलं आधी पुरुषांच्या पंक्तीत जायचं, मग लेकरांच्या. चुलीपाशी परत यायचं तेव्हा त्यात रस्सा आणि मान. सासूबाई म्हणायच्या, बायकांना मानच गोड लागते. मीही तेच खरं मानून कितीतरी वर्षं मान चोखली. पहिली तंगडी खाल्ली ती आपलं शेड लागल्यावर, त्याच शेडातली. तू तेव्हा नुकती शाळेत जात होतीस. घरात कोणी नव्हतं. आम्ही दोघी सासू-सुना चुलीपाशी बसून एकेक तंगडी खाल्ली आणि हाडं लांब नेऊन टाकली, चोरी केल्यासारखी. तुझी आई इथं हसून राहिली आहे, हे लिहू का विचारते. लिही म्हटलं.

आज आपल्याकडं खुरपायला येणाऱ्या बायकासुद्धा बाजाराच्या दिवशी पिशवीत कोंबडी घेऊन जातात. लेकरांच्या ताटात वाढतात, आणि स्वतःच्याही. अंगणातल्या कोंबड्यांवर एवढ्या ताटांचं भागलं नसतं. तू हॉस्टेलात अंडं खातेस, ते तरी कुठल्या अंगणातून येतं? हे सगळं मी तुला तेव्हाच सांगणार होते, पण तुझी बस सुटली होती.

आता आखाडातलं ऐक. तुला कोणी सांगितलं नसणार, कारण घरात सगळ्यांना त्याची लाज वाटते. पोचम्मादेवीसाठी सोडलेला आपला तांबडा कोंबडा ऐन वेळी कुत्र्यानं नेला. गावरान कुठं मिळेना. व्यंकट म्हणाला, "माय, कंपनीनं तिच्या पक्ष्यांची बॅच उचलून नेली त्यातला एक मागं राहिलाय, तोच घेऊन चल. देवीला काय गावरान अन् बॉयलर कळतंय?" मलाही पटलं. त्या पांढऱ्या कोंबड्याला हळदीकुंकू लावून आम्ही देवीच्या ठाण्यावर गेलो. तिथली रीत तुला ठाऊक आहे. पाणी शिंपडायचं, कोंबड्यानं अंग झाडलं की देवीनं कबूल केलं, मग पुजारी शंकरप्पा सुरी उचलतो. अंग झाडल्याबिगर कापायचं नाही. बाकीच्यांच्या कोंबड्यांनी पहिल्याच थेंबाला अंग झाडलं. आपला उभाच. शंकरप्पानं परत शिंपडलं. यानं डोळे मिटले, चोच उघडली आणि पंख थोडे सैल सोडले. तुझ्या बापानं शेवटी आख्खा तांब्या ओतला. तर हा आरामात खाली बसला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ऊन तापलं की तुझा बाप शेडात फॉगर लावतो, वरून बारीक पाणी पडत राहतं. त्या कोंबड्याला वाटलं असेल, ऊन वाढलं, मालकानं पाणी सोडलं. तो अंग कशाला झाडेल? मागं रांग खोळंबली. शेजारची राजकन्या सगळ्यांदेखत म्हणाली, "रुक्मिणमाय, तुमचा कोंबडा कंपनीला विचारून सांगतो म्हणून राहिलाय!" सगळं ठाणं हसलं, मीही हसले. शंकरप्पानं हात जोडले, "न्या अम्मा, आईला न्हाई पाहिजे हा." व्यंकटनं त्याला काखेत घेतलं आणि घरची वाट धरली.

गार पाण्यानं कोणीही अंग झाडतं, एवढं मला कळतं. त्याला आम्ही 'हो' म्हणतो ही आमचीच सोय. तू त्याला ढोंग म्हणशील, म्हण. पण त्या ढोंगातसुद्धा माणसाला त्या जिवासमोर उभं राहून वाट बघावी लागते. शेडात कोण कोणाची वाट बघतं? गाडी येते, भरते, जाते. इतकी वर्षं माझ्या दारासमोरून एवढे पक्षी गेले, पण एकाकडं नीट बघायची पाळी त्या दिवशीच आली. छाती इतकी जड की पाय फाकलेले. एवढं थोरलं अंग, आणि आवाज काढला तर पिल्लाचा, चिवचिव. आरवायला शिकण्याएवढं वयच झालेलं नव्हतं त्याचं. तू शेडच्या दारात जे बोललीस, त्यातलं निम्मं तेव्हा कळलं. निम्मंच हं, लगेच फुगू नको.

तो थोडे दिवस अंगणात होता. शेजारच्या गावरान कोंबड्या उकिरडा उकरायच्या आणि हा पंगतीला न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बघत बसायचा. एक दिवस त्यानंही पायानं माती ओढली, तर तुझ्या आईनं मला हाक मारून दाखवलं. नंतर एका दुपारी बसल्या जागी गेला. शेडात मेलेले पक्षी तुझा बाप खड्ड्यात टाकून वर चुना मारतो. याला त्यानं बांधावर वेगळा पुरला. कोणी बघत नाही असं त्याला वाटत होतं.

आणखी एक गोष्ट, तो कधी सांगणार नाही म्हणून मी सांगते. तुझा बाप कोंबडी खात नाही. आजचं नाही हे, शेड लागल्यापासूनचं आहे. ॲसिडिटी होते म्हणतो. ॲसिडिटीवाला माणूस मिरचीचा ठेचा बोटानं चाटून खातो होय? तुझी आई गुपचूप त्याच्या ताटात बटाटे वाढते. बॅग उचलताना तू त्याला काळीज नाही म्हणालीस, तेव्हा एवढं एक वाक्य बोलला असता तर तुझं तोंड बंद झालं असतं. नाही बोलला. तू कोणावर गेलीस हे मला विचारू नको. पोटातलं पोटात ठेवणं सोडलं तर सगळी त्याच्यावर गेलीस.

आता पत्र कशासाठी ते सांगते. विहिरीजवळचा तुकडा माझ्या नावावर आहे. नव्या शेडासाठी तो व्यंकटनं मागितला आणि मी हो म्हणाले. हो म्हणणारी मी आहे, राग काढायचा तर माझ्यावर काढ. पण जमीन माझी, तर अटही माझी. चहूबाजूंनी बंद, दिवसा अंधार असलं कंपनीचं शेड नको. आणि एका पक्ष्याला जागा किती सोडायची ते शिवांगी सांगेल. कंपनीचा साहेब म्हणाला, आमच्यात असं बसत नाही. चहा पिऊन गेला. दुसरा येईल, नाहीतर व्यंकट कंपनीशिवाय स्वतःचेच थोडे पक्षी पाळेल. मग ते महाग होतील, आणि त्या खुरपणाऱ्या बायकांच्या ताटातून पुन्हा जातील, हे मला टोचतं. त्याचं उत्तर तुझ्या पुस्तकात असलं तर घेऊन ये. माझी अट ऐकून तुझा बाप मान खाली घालून "हाव" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून आला. पाया आखायला चुन्याच्या फक्कीचं पोतं आणून ठेवलंय, पण तू आल्याशिवाय फक्की पडणार नाही, असं त्यानंच गवंड्याला सांगितलं. नवं शेड बांधलं तर पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस ना? अजून बांधलं नाही, पाय ठेवायला मोकळी आहेस. ये आणि भांड. शेतात उभी राहून, आम्हाला ऐकू येईल असं भांड. तुझ्या आईनं आता पेन खाली ठेवायची घाई लावली आहे, तुझी गादी वाळत टाकायची म्हणते. पोरगी येते म्हणाली का अजून, असं विचारलं तर म्हणते, "आत्याबाई, श्रावणातलं ऊन हाय, जाईल."

तुझीच,
रुक्मिणबाई आजी