बेकरीवाल्याची नात

३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्याकडून परतल्यापासून तुमची नात पोट धरून पडली होती. आज कुठे मऊ भात पोटात टिकला. तुम्ही तिच्यासाठी मुद्दाम तांदळाच्या पिठाचा पाव केलात, यात शंकाच नाही. पण तो मळताना बेकरीच्या टेबलावर गव्हाचं पीठ भुरभुरवलंत. आजोबा कशी मूठ फेकतात, ते तिनेच कौतुकाने सांगितलं. गव्हातलं ग्लूटेन तिला चिमूटभरही चालत नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोर बजावलं होतं.

आजपासून आमच्या घरात गहू बंद. एकट्या तिला नाही, सगळ्यांना. कोपऱ्यात वेगळं ताट घेऊन बसायला ती काही पाहुणी नाही. तुमचे चिरंजीव नाक मुरडताहेत, मुरडू देत. आणि तुमची ही सवय जात नाही तोवर ती तुमच्याकडे राहायला येणार नाही. मान तुमचा, पण पोट तिचं आहे.

राग आला तरी माया आटू देऊ नका.
तुमची सून

९ मार्च

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

जन्म गेला माझा पिठात. टेबलावर पीठ नसलं की गोळा चिकटून बसतो, ठाऊक आहे का तुला? हात आपोआप जातो तिकडे. म्हणून काय मी पोरीला विष घातलं? आणि एकीसाठी अख्ख्या घराने उपास काढायचा, हा कुठला न्याय? बेकरीवाल्याच्या मुलाला पाव महाग! तुझी सासू तुझ्या बाजूने, त्यामुळे इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. तुझ्याकडे जेवायला मी येणार नाही, म्हणजे नाही.

आशीर्वाद मात्र घे, त्यात गहू नाही.
बाबा

१४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

उपास कसला? काल मसूर घालून भोपळ्याचं सूप केलं, अंडी आणि भात. चिरंजीवांनी तीनदा वाढून घेतलं आणि वर मीठ कमी म्हणाले. पूर्वी पोरगी प्रत्येक पातेल्याकडे बघून, हे मला चालेल का, असं विचारायची. काल न विचारता तिने स्वतः डाव घातला. तेवढ्यासाठी मी जगाशी भांडेन, तुमच्याशीसुद्धा.

येत नसाल तर राहिलं, पण तब्येत सांभाळा.
तुमची सून

२ एप्रिल

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

हरलो म्हणून लिहीत नाही. बेकरीत गहू राहणारच. पण घरच्या स्वयंपाकघरातून तो हाकलला आहे. टेबल नवं, परात नवी. बेकरीचे कपडे मागच्या दारी उतरवून, अंघोळ करूनच आत येतो. भुरभुरवायलाही तांदळाचंच पीठ. पहिला पाव विटेसारखा झाला, तुझ्या सासूने तोही मिटक्या मारत खाल्ला. दुसरा बरा होता.

सुट्टीत पोरीला पाठव. नाही पाठवलीस तर येऊन घेऊन जाईन, कर काय करायचं ते. अख्ख्या गल्लीला मी खाऊ घातलं. माझीच नात माझ्या घरी भीतभीत घास घेईल, हे मी जिवंत असेतो चालणार नाही.

भांडत राहा, पण तुटू नकोस.
बाबा