कोणाच्या चावडीत बसायचं

बा, आज तुझ्यावर चिडूनच लिहाले बसलो. तू जाऊन किती वर्षं झाली, तरी चारचौघांत माही फजिती करायची तुझी खोड काही गेली नाही. अन् या वेळी चारचौघं म्हणजे अमेरिकेचं कोर्ट!

आठवते का, थंडी सरता सरता पैनगंगेचं पाणी उतरलं अन् आपला तांबडा बैल पल्याडच्या गावची जवारी खाऊन आला? तिथल्या पंचांनी तुले बोलावलं, तू मलेही संगं नेलं. त्यांनी आधी पाणी आणलं, मंग ताक, मंग उसाचा रस. तू आपला हात जोडून नको म्हणत राह्यला. रीतच तशी ना आपल्याकडची, ज्या चावडीचं पाणी प्यालं तिचा न्याय कबूल केला. तुझे ओठ वाळून गेले, पण बोलणं एकच, "भांडण असन तर आमच्या चावडीत या." जवारी खाल्ली हे बैलाच्या तोंडावरूनच दिसत होतं, पण तुझ्या मते तो सवाल नंतरचा. घरी येऊन तू अर्धा रांजण रिकामा केला अन् माय म्हणे, "न्याय राहू द्या, माह्या पाण्याचं काय?"

आता आमचं ऐक. तुझी नात, म्हणजे माही पोरगी, दिवाळीले लेकराले घेऊन अमेरिकेहून आली ते परत गेलीच नाही. नवऱ्याशी पटत नोतं. त्यानं तिकडच्या कोर्टात फारकतीचा दावा टाकला, वरून लेकराचा ताबा मागितला. लग्न आपल्या अंगणात, पंगत आपल्या वावरात, अन् मोडाचं मात्र समुद्रापल्याड! आदिलाबादच्या वकिलानं इथल्या कोर्टात पोरीची दरखास्त टाकली अन् मले बजावलं, "पटेल, उधर मामले पे एक लफ्ज नक्को बोलना. बोले तो वो कोर्ट मान लिए जैसा होता." पोरीनं एवढंच म्हणायचं, या कोर्टाचा अधिकार मला मान्य नाही.

तिकडच्या कोर्टाची तारीख मोबाइलवरच होती. तिकडं सकाळ, इकडं दिवेलागण. मोबाइल तेलाच्या डब्याले टेकवून पोरगी, तिची माय अन् मी, आमी तिघं बसलो. न्यायाधीश बाई, चेहरा मायाळू. पोरीनं पाठ केलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं. तेवढ्यात जावई बोलला, ही न सांगता पळून गेली. झालं! तुझी सून मागून उसळली, "काऊन रे, इमानतळावर सोडाले कोण आलता?" मी खांद्यावरची दस्ती काढून तिच्या तोंडावर धरली. बाईंनी पोरीले गोड आवाजात विचारलं, काय झालं ते सांगायचं आहे का? पोरीचे डोळे भरले, पण तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तिचे डोळे पाहून तुझ्या सुनेनं मायेनं तिच्या हाती चहा दिला. कप ओठाले लागणार, तेवढ्यात मी किंचाळलो, "पिऊ नको!" अन् झडप घालून कप हिसकला. अर्धा चहा मोबाइलवर, अर्धा माह्या पायजाम्यावर. बाईंनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? पोरगी म्हणाली, "माझे वडील आहेत ते." बाईंनी मान हलवली, त्यांनाही वडील असतीनच.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादले गेलो, तर वकील हे ऐकून हसून हसून खोकला. म्हणे, "चाय तुम्हारी, दूध तुम्हारा!" मी म्हटलं, "चहा आमचा, पण बसलो होतो त्यांच्या कोर्टात. मंग तो कप कोणाच्या हद्दीत, सांगा." त्यानं हात जोडले. पण पोरगी वाक्यावर ठाम राह्यली हे बेस झालं म्हणे. तिकडं काय ठरन ते ठरन, इथं आपली दरखास्त दाखल झाली, तारीखही पडली.

निघताना त्यानं विचारलं, केस इथंच चालली पाहिजे असा हट्ट काऊन? मी लग्नाची जागा सांगितली, कायदा सांगितला, तिथं पोरीचं कोणी नाही म्हटलं. सगळं खरंच होतं. पण बा, तुझी पणती रोज सकाळी माह्या ताटातली भाकर खाते, पोरगी अंगणातून "बाबा" म्हणून हाक मारते, अन् तिचा संसार मोडून राह्यला असताना मले हे दिवस लई गोड लागून राह्यले. काल जावयाचा फोन आला, समजुतीचं बोलत होता म्हणे. पोरगी किती दिवसांनी हसली. अन् मी मनात म्हटलं, आता ही जाते. हे तुले सांगतो, तिले नाही. ती पाणी तापवाले उठायच्या आधी हा कागद चुलीत घालतो.