मालकाचे नाव

मी, खुशालराव गोविंदराव कुकडे, वय एक्काहत्तर, धंदा शेती, राहणार मौजे बेलखेडा, तालुका वरूड, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. ऑपरेशनचे टाके छातीला पडले, डोक्याला नाहीत. मला कोणी पाजलेलं नाही, धमकावलेलंही नाही. मला धमकावणारा या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

वकील वामनरावांनी मसुद्यात "माझ्या मालकी व कब्जेवहिवाटीची मिळकत" असं एका दमात लिहिलं. मी म्हटलं, साहेब, थांबा. मालकी वेगळी अन् वहिवाट वेगळी. हा फरक मला एका पेटीनं शिकवला, तिची हकीकत खाली येईल.

१. माझा मोबाईल मुलगा पियुष याला द्यावा. तो पुण्यात कंपनीत आहे. त्यानं पैसे भरून मला त्यात जुनी गाणी घेऊन दिली होती. एक दिवस त्या कंपनीनं दुकान आवरलं आणि गाणी गायब झाली. "बाबा, आपण गाणी घेतली नव्हती, ऐकायची परवानगी घेतली होती," असं तो मलाच समजावतो. अरे वा! मग पावती कशाची फाडली होती?

२. टेपरेकॉर्डर व कॅसेटी मुलगी प्रणाली हिला. तिच्या लग्नातली कॅसेट जपून ठेवावी. तिच्यात बाया तिच्या आईला "नाव घे, नाव घे" म्हणून छळतात आणि ती, म्हणजे माझी बायको पार्वताबाई, नुसती हसते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटते, असं पार्वताबाईला तिच्या आईनं सांगितलेलं. माझं नाव तिनं कधीच घेतलं नाही.

३. माझं मत कोणालाही देता येत नाही. मी गेल्यावर मतदारयादीतून नाव लगेच काढून आणावं. माझ्या बापानं मेल्यावरही दोनदा मतदान केलं, मला तो मान नको. विहिरीच्या मोटारींवर कंपन्या ज्या पेट्या बसवतात त्यांचा विषय मी ग्रामसभेत काढला, तेव्हा सारे म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ, आपल्याले काय करायचं?" पुढारी तर माझ्याच विहिरीवरच्या पेटीजवळ फोटो काढून गेले होते. माझ्या तेरवीला त्यांना बोलावू नये.

४. आता ती पेटी. मोबाईलवरून विहिरीची मोटार चालू करणारा स्टार्टर पियुषनं हौसेनं बसवला. त्याच्यावर छापलं होतं, "पेटी उघडू नये, मालकी कंपनीची." ती फक्त माझ्या मोबाईलचं ऐकायची. गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात अमरावतीला माझं छातीचं ऑपरेशन झालं. मोबाईल माझ्या अंगठ्यानंच उघडायचा. अंगठा आत टेबलावर बेशुद्ध, मोबाईल बाहेर पियुषच्या हातात. इकडे आंबिया बहाराची संत्री गोटीएवढी झालेली, दवाखान्याच्या धावपळीत चार दिवस पाणी बंद, फळं गळायला लागली.

पार्वताबाईनं कंपनीला फोन लावला. तिकडून मशीन बोललं, "मालकाचे नाव सांगा." आमचा मोटार मेकॅनिक शेख रऊफ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "भाभी, बोलून टाका ना. मशीन हाय, कोन ऐकते?"

"थे तिकडे टेबलावर हायत अन् मी त्याइचं नाव घेऊ? काहून?" ती कडाडली. "या बगीच्याले पानी कोन देते? मीच ना? मंग माहंच नाव सांगतो." आणि तिनं ठणकावून सांगितलं, "पार्वताबाई!"

मशीन म्हणालं, "या नावाचा मालक आमच्याकडे नाही."

तिनं रऊफच्या हातातला पाना घेतला, पेटीचं सील स्वतः तोडलं, आणि त्याच्याकडून गोठ्यातला जुना हातस्टार्टर जोडून घेतला. संध्याकाळच्या आत पाट वाहत होते. शुद्धीवर आल्यावर हे ऐकलं आणि नळ्या लावलेल्या छातीनं मी हसलो. अशी बाई माझ्या घरात आहे याचा मला फार अभिमान वाटला. कंपनीची पेटी शेताच्या धुऱ्यावर पाखरं हाकायला टांगली आहे. कंपनीनं येऊन न्यावी.

५. राहता राहिला संत्र्याचा बगीचा, विहिरीसह. वामनराव म्हणाले, "रीत अशी की पत्नीस हयातभर वहिवाट, मालकी मुलास." पियुषचीही तीच अपेक्षा आहे. मी विचारलं, साहेब, कंपनीनं मला जे केलं तेच मी तिला करू? वापर तुझा, मालकी दुसऱ्याची? पियुष, राग आला तर येऊ दे. घर तुम्हा दोघा भावंडांचं अर्धं अर्धं. बगीच्याचं पुढं काय करायचं ते तुझी आई ठरवेल. विकील, ठेवील, तिची मर्जी.

सबब, त्या मशीनला जे मान्य नव्हतं ते मी सही करून लिहून देतो. बगीच्याच्या मालकाचे नाव: पार्वताबाई खुशालराव कुकडे. पूर्ण नाव लिहायचं तर मधे माझं येतं. ते तिनं खुशाल घ्यावं. तेव्हा माझं आयुष्य घटायची भीती उरलेली नसेल.

सही: खुशालराव गोविंदराव कुकडे

आमच्यासमोर, शुद्धीत आणि मोठ्या आवाजात वाचून सही केली:
साक्षीदार १. शेख रऊफ शेख चांद, मोटार मेकॅनिक, वरूड
साक्षीदार २. पंजाबराव नामदेवराव ठाकरे, शेतशेजारी, बेलखेडा

स्थळ: वरूड
दिनांक: ८ ऑक्टोबर २०१८