सासुरवाडीचा रस्ता

७ जून

मतमोजणीला तीन दिवस झाले. फोन वाजत नाही. सहा वेळा निवडून आलेल्या माणसाचा फोन.

ह्यांनी नेहमीसारखी स. साडेसहाला आंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. महाडच्या या घरात त्या वेळेला बसायला जागा नसायची. कोणाला बदली हवी, कोणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी, कोणाला नुसतं दिसायचं असायचं. आज एक जण आला. बिरवाडीत खोली घेऊन राहणारा कंपनीतला कामगार. त्याला नव्या खासदारांचं ऑफिस कुठे ते हवं होतं. ह्यांनी नीट समजावून सांगितलं. दारापर्यंत सोडायला गेले.

मी सवयीने मोठ्या पातेल्यात चहा टाकला होता. ओतून दिला.

९ जून

पालकर बूथवार आकडे घेऊन आला. पालकर म्हणजे ह्यांचा पी.ए., अठरा वर्षं. दुपारचं जेवण इथेच, आंबोळ्या असल्या तर घरी डबासुद्धा.

मी आतल्या खोलीत भेंडी चिरत होते. तो एकेका गावाचं नाव वाचत होता, हे हूं हूं करत होते. मग कातळकोंड आलं. तिथे जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं.

ह्यांनी कागद हातात घेऊन स्वतः बघितला. मग म्हणाले, "सासुरवाडीनेही दगा दिला."

पालकरने आत माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

दगा. कोणी कोणाला दिला ते मला विचारा म्हणावं. पण मला कोण विचारतं.

११ जून

आज दुपारी घरी कोणी नाही. लिहून टाकते.

कातळकोंड माझं माहेर. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. थोडकी घरं, नाचणी-वरी, गुरं. मुलगे सगळे मुंबईला. पायथ्यापर्यंत डांबरी, पुढे दीड-दोन तास चढ. अजून तसंच.

दुसऱ्या निवडणुकीत ह्यांनी एका सभेत सांगितलं, "मी तुमचा खासदार, पण माझ्या सासुरवाडीला आजही रस्ता नाही. आधी तुमचं, मग माझं." काय टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते, मलाही भरून आलं होतं. नंतर हळदीकुंकवात बायकांना मीच कौतुकाने सांगायचे. खोटं कशाला लिहू.

मग ते वाक्य प्रत्येक सभेत. प्रत्येक निवडणुकीत. तेच, त्याच जागी थांबून. दादा, माझा थोरला भाऊ, दर वेळी अर्ज घेऊन यायचा. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "दादा, घरच्यांचं काम केलं असं लोक म्हणतील." दादा जेवून परत जायचा.

मागच्याच्या मागच्या पावसात वहिनीच्या छातीत कळ आली. चौघांनी बांबूला घोंगडी बांधून तिला उचललं आणि निघाले. निम्म्या वाटेवर सपाट कातळ आहे, तिथे ती गेली. तिथूनच परत वर नेली. अंत्यविधीला हे पायथ्याशी गाडीतच थांबले, गुडघा दुखतो म्हणून. मी वर गेले.

आणि या एप्रिलमध्ये, पोलादपूरच्या सभेत, दादा समोर खुर्चीवर बसलेला असताना ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं. आधी तुमचं, मग माझं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने नाही वाजवल्या. मी दादाकडेच बघत होते.

मतदानाच्या दिवशी सकाळी फोटोवाल्यांसमोर आम्ही दोघांनी बोटाची शाई दाखवली. मी सगळ्यात खालचं बटण दाबलं होतं. वरीलपैकी कोणीही नाही.

कुठे बोललेले नाही. इथेच.

२६ जून

पालकर तिकडे गेला. नव्या खासदारांकडे. पेपरात फोटो, गळ्यात हार. ह्यांनी पेपर घडी करून ठेवला, जेवले नाहीत. म्हणाले, "त्यालाही संसार आहे."

पालकरच्या संसाराची समज ह्यांना लगेच. अठरा वर्षं मी वाढलं त्याला. एक फोन करून सांगायला काय झालं होतं?

१९ जुलै

धो धो. वरंध घाट बंद. तळीयेला दरड कोसळून गाव गाडलं गेलं तेव्हापासून असा पाऊस लागला की मी रोज दादाला फोन करते. आज दुपारी लागला एकदाचा. रेंजसाठी त्याला देवळामागच्या उंचवट्यावर उभं राहावं लागतं, छत्री धरून.

"बरा हाय गो. गुरं बरी हायत. तू नको काळजी करू. साहेब कसे हायत?"

साहेब. सख्खा मेहुणा, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण दादा ह्यांना साहेबच म्हणतो. मी कधी त्याला टोकलं नाही. तेही माझंच चुकलं.

२ सप्टें.

ह्यांनी स्वतःच काढलं. "यंदा गणपतीला तुझ्या माहेरी जाऊ." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. शेवटचे वर कधी गेले होते, तर खासदार व्हायच्या आधी.

का जायचं ते कळेना. नंतर उमगलं. बूथचा आकडा अजून डोक्यात आहे. विचारायचंय त्यांना.

जाब विचारायला म्हणून का होईना, चढतील तरी.

८ सप्टें., कातळकोंड

काल गणपती बसले, आज ऋषिपंचमी. स. ८ ला पायथा सोडला. नेहमीचा गार्ड नाही, गाड्या नाहीत. दादाचा धाकटा मुलगा मुंबईहून आलाय, तो काठी घेऊन पुढे. ह्यांना चार ठिकाणी बसवावं लागलं. शर्ट पाठीला चिकटलेला.

सपाट कातळावर टेकले. "छान जागा आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "वहिनी इथे गेली."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "ती दवाखान्यात गेली ना?"

दोन पावसाळे उलटले. ह्यांनी लेटरहेडवर शोकसंदेश पाठवला होता, दादाने तो अजून भिंतीवर लावलेला आहे. आणि ती कुठे गेली ते ह्यांना माहीत नाही. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिथेच बसले असते, वर गेलेच नसते.

वर घर माणसांनी भरलेलं. जावयाचा मान म्हणून पाय धुवायला गरम पाणी, नवा टॉवेल. ऋषीची भाजी, काकडी, नाचणीची भाकरी. मतांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. जेवताना शेवटी ह्यांनीच विचारलं, "दादा, मला मतं का नाही दिलीत?"

दादा वाढत होता. पळी हातात तशीच. आवाज जरासुद्धा चढला नाही.

"भावजी, तुम्ही भाषणात सांगायचात, सासुरवाडीला रस्ता नाय. लोक टाळ्या वाजवायचे. आमचा रस्ता झाला असता तर तुम्ही सांगितलं काय असतं? म्हणून मग पोरांनी ठरवलं, भाषणच बंद करूया."

मग म्हणाला, "भाजी घ्या अजून."

साहेब नव्हे, भावजी म्हणाला. पहिल्यांदा. ह्यांच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही. ताटातलं सगळं संपवलं एवढं खरं.

९ सप्टें.

पायथ्याशी रिक्षाची वाट बघत दगडावर बसलो तेव्हा म्हणाले, "निदान तू तरी मला मत दिलंस ना?"

"नाय."

तोंडातून तसंच आलं. महाडच्या घरात मी 'नाही' म्हणते. लग्नानंतर सासूबाईंनीच ती सवय लावली.

"मग कोणाला?"

"कोणालाच नाय. खालचं बटण."

रिक्षा आली. हे पुढे बसले, ड्रायव्हरच्या बाजूला. एरवी कधी बसत नाहीत.

१५ सप्टें.

सहा दिवस बोलणं बंद. आज सकाळी पहिलं वाक्य. "हे बाहेर कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केला होतास?"

का दिलं नाहीस, हे नाही. बाहेर कळलं असतं तर.

मी विळी आपटून आत गेले. इतकं आयुष्य या माणसाच्या दारात येणाऱ्यांना मी चहा दिला, ह्यांच्या सभांत पहिल्या रांगेत बसले, उन्हात, पदर सावरून. आणि एका वाक्यात मला ह्यांनी बूथवरच्या मतदारात ढकललं. तेही फुटलेल्या.

२ ऑक्टो.

दु. ४ ला पालकर आला. मिठाईचा बॉक्स घेऊन. हे आत पडले होते, उठून आले नाहीत, पण जागे होते.

"वहिनी, आनंदाची बातमी. कातळकोंडच्या रस्त्याचं भूमिपूजन. येत्या सोमवारी, साडेदहाला, पायथ्याशी. साहेबांची इच्छा आहे की नारळ तुमच्या हातून फुटावा. गावची लेक म्हणून."

साहेब म्हणजे आता नवे खासदार. शब्द तोच, माणूस बदलला. पालकरची जीभ एकदाही अडखळली नाही.

मला काय वाटलं ते कसं लिहू. आधी आनंदच झाला. खरंच झाला. मग बघितलं तर निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव आधीच छापलेलं. 'माजी खासदारांच्या पत्नी' असं, ठळक अक्षरात.

मी विचारलं, "वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते. परवानगी आली?"

पालकर हसला. "वहिनी, ते होईल मागाहून. आधी मुहूर्त तर होऊ दे."

"म्हणजे अर्ज केलाय?"

"करायचाय. प्रोसेस असते."

या घरात इतकी वर्षं चहा घेऊन आत-बाहेर करताना माझे कान बंद नव्हते. परवानगी नसेल तर तिथे एक दगड हलत नाही. हे पालकरला माझ्याहून चांगलं माहीत आहे. म्हणजे नारळ फुटणार, फोटो निघणार, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत फक्त फलक उभा राहणार. दादाने त्याच्या बाजूने चढायचं.

बॉक्स परत दिला. पालकरने तो खुर्चीवर ठेवला आणि गेला.

३ ऑक्टो.

हे सकाळी एकदम ताजेतवाने. निकालानंतर प्रथमच असा चेहरा.

"तू जाच," म्हणाले. "आणि माईकवर विचार, परवानगीचा कागद कुठे आहे. सगळ्यांसमोर. बघ कसे पळतात."

मुद्दे लिहून दिले मला. एक, दोन, तीन. कोणत्या टेबलावर फाईल अडते, तिथे कोणाला भेटावं लागतं, सोबत ग्रामसभेचा ठराव कसा लागतो. सगळं पाठ आहे ह्यांना.

मी कागद वाचला. विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या टर्मपासून."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. पण बोलून गेले होते.

पहिल्या टर्मपासून. फाईल कुठून हलते ते माहीत होतं, आणि दादाला सांगत होते लोक काय म्हणतील. आताही रस्त्यासाठी नाही, नव्या खासदारांना नमवायचं म्हणून. एकाला माझ्या हातातला नारळ हवा, दुसऱ्याला माझ्या तोंडातला प्रश्न. कातळकोंड दोघांनाही भाषणापुरतं.

मी म्हटलं, "हेच अर्जाच्या रूपात लिहा. दादाच्या नावाने. तुमचं नाव कुठेही नको."

लिहितो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

५ ऑक्टो.

टेबलावर अर्ज. ह्यांच्या अक्षरात, दादाच्या नावाने, खाली सहीसाठी जागा. ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना वेगळा. एकही काटाछाट नाही. इतका नीट कागद ह्यांच्या हातून मी पाहिला नव्हता. वाचताना राग कमी व्हायला हवा होता. वाढला. अर्धा दिवस लागला असेल लिहायला.

दादाला फोन केला. सगळं सांगितलं, पत्रिकेचं, अर्जाचंही.

"तू ये गो. नारळ फोड नायतर नको फोडू, तुझा तू बघ. पण कागद घेऊन ये. सही करतो."

"तुला राग नाय येत, दादा?"



"येतो. पण मला रस्त्याने खाली यायचाय एकदा. राग घेऊन काय करू."

६ ऑक्टो., रविवार

उद्या साडेदहाला. मी सकाळच्या एस.टी.ने पोलादपूर, पुढे रिक्षा. पालकर गाडी पाठवतो म्हणाला, नको सांगितलं. ह्यांनी दिलेला मुद्द्यांचा कागद नेणार नाही. अर्ज पिशवीत ठेवलाय, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. माईक हातात आला तर काय बोलेन ते मलाच माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित वहिनीचं नाव घेईन, ती कुठे गेली ते सांगेन.

आता दुपारी हे दारात येऊन उभे राहिले. "मी येऊ?"

म्हटलं, "मेहुणा म्हणून या. मागे उभे राहा. माईक दिला तरी घ्यायचा नाही."

तसेच उभे होते. मग बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. तासभर झाला. अजून उत्तर आलेलं नाही.