हिरा आणि सुंदरी आमच्याकडे

१० जाने. १९५६, मंगळ.
शाळा सुटली तरी दुसरीतली सुंदरी बाकावरून हलेना. "बाई, घरी नाय जायचा." तिची आई हिरा फाटकाशी उभी. ओठ फुटलेला. कोन गावाहून चालत आलेली. नवरा महादू मिठागरावर कामाला, पिऊन मारतो. काल पोरीवरही हात उचलला. दोघींना घरी आणलं. आईने हळद-दूध पुढे केलं.

१३ जाने., शुक्र.
सकाळी बाबांनी नेहमीसारखी चहाची हाक दिली, आणि सुंदरी खाटेखाली! रेल्वेत गार्ड होते, त्यांचा आवाज म्हणजे... बाबांचा चेहराच पडला. तेव्हापासून कुजबुजतात. संध्याकाळी आम्हा यहुद्यांची शब्बाथची प्रार्थनासुद्धा ओठांतल्या ओठांत. आईला हसू आवरेना.

२१ जाने., शनि.
महादू आला. शुद्धीत होता. दारातूनच, "चल घरी." मी पुढे झाले, पण हिराच बोलली, "मी नाय येत. पोरीला मारलास तवाच सगला सपला." बाबांनी खुर्ची दारात ओढली आणि पेपर उघडून बसले. तो गेला. तो दिसेनासा होईपर्यंत हिरा खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी बोलले ना?"
बोललीस ग!

२ फेब्रु., गुरु.
हिराला भातगिरणीत पाखडायचं काम मिळालं. देवाचे आभार म्हणून आईने आमच्याकडचा मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वेलची. हिराने दोनदा घेतला. बाबा सुंदरीला वाघाची गोष्ट सांगत होते, कुजबुजतच. ती वैतागली. "आजोबा, जोरान बोला ना! आयकू नाय येत!" बाबांनी अशी डरकाळी फोडली की शेजारीण धावत आली. सुंदरी हसून हसून लोळली. तिचं हसणं आज पहिल्यांदा ऐकलं. फार मोठ्यांदा हसते.

५ फेब्रु., रवि.
दुपारी हिराची सासू आली, ओच्यात वालाच्या शेंगा. सुनेला न्यायलाच आली असणार. हिरा ताठ उभी. म्हातारी टेकली, पाणी प्यायली. "तू येऊ नको गो. तो सुदारला नाय." मग पदराने मनगटावरचा वळ झाकत आईला म्हणाली, "मना पन ठेवाल का, दोन दीस?"
आईने भाताचं पातेलं उतरवलं आणि मोठं चढवलं.
बाबा उद्या कोनच्या पाटलांना भेटणार. महादू ऐकेलच असं नाही. अंथरुणं कुठे घालायची तेही... आत सासूसून शेंगा सोलताहेत, काहीतरी बोलून खुदखुदताहेत. जाऊन बघते.