पान सातशे बारावरच्या दोन ओळी

वॉशिंग्टन
गुरुवार, दुपार

प्रिय हॅल्वर,

झालं एकदाचं! आज सकाळी अकराच्या सुमारास वणव्याच्या मदतीचं विधेयक मंजूर झालं. हजाराच्या वर पानं आहेत. जळलेली गावं, पडलेले पूल, आग विझवणाऱ्यांचे पगार, सगळं त्यात आहे. आणि पान सातशे बारावर, अगदी तळाशी, तुमच्या लाकडी माशांच्या दोन ओळीही आहेत. मी त्या बोट ठेवून तीनदा वाचल्या. एकाच लाकडातून हाताने कोरलेला, सहा इंचांहून लांब मासा मासेमारीच्या साहित्यावरच्या करातून वगळला आहे, आणि या वेळी त्याला मुदत नाही. कायमचा वगळला. वाचून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि गार झालेली कॉफी गटागटा प्यायले. कारखान्यातल्या एकोणीस जणांना सांग, आता मुदत संपत आली म्हणून छातीत धडधड नको.

तू म्हणशील, वणव्याचा आणि खरे मासे भुलवायला बर्फाखाली सोडायच्या लाकडी माशांचा संबंध काय? काहीच नाही. आठ वर्षांपूर्वी हीच सूट पुराच्या मदतीत घातली, तेव्हा पुराशीही नव्हता. कायद्यांचे मसुदे लिहिण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, म्हणून सांगते, संकटातल्या मदतीला नाही म्हणायची हिंमत कुणात नसते. मग ज्याला त्याला आपलं गाठोडं त्यात सारायचं असतं. कुणाचं शर्यतीचं मैदान, कुणाचा दारूचा कारखाना. आम्ही त्या ओळी नीट लिहायच्या आणि गप्प बसायचं.

पुराच्या त्या वर्षी तू मला ऑफिसात फोन केला होतास. "ताई, एवढं एक कर. भिंतीवर टांगायला घेतलेल्या माशावरही हे लोक गळाचा कर लावतात गं. उन्हाळ्यापर्यंत कारखाना टिकत नाही." आणि मी काय म्हणाले? "बहिणीची नोकरी घालवायला निघालायस का? पुन्हा या नंबरावर फोन करू नकोस." आपटलाच फोन. नियमाने माझं बरोबर होतं, पण त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

दोन महिन्यांनी विधेयक मंजूर झालं, त्यात ते कलम होतं, आणि तू फोनवर लहान मुलासारखा रडलास. "वरवर नाही म्हणालीस आणि केलंसच की गं, ताई!" मी म्हणाले, "बरं, बरं. जेवलास का?" एवढंच. त्या एवढ्याशा बोलण्यावर मी आठ वर्षं काढली. दर नाताळला तू धुरी दिलेला मासा पाठवतोस. गावी आले की चर्चमध्ये बायका माझा हात हातात घेतात. तुझ्या नव्या बोटीवर तर माझं नाव आहे. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारण हॅल्वर, ते मी केलं नाही. उलट, आपल्या सिनेटरच्या कचेरीतून ते कलम माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी साहेबांना लिहून दिलं की हा कारखाना माझ्या भावाचा आहे, मला यात हात घालता येणार नाही. इथवर ठीक होतं. पण त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली: पुराशी संबंध नाही, वगळावं. कुणी विचारलंही नव्हतं मला. स्वच्छ दिसायची हौस, दुसरं काय! साहेबांनी ते काढून टाकलं. तुझी एकोणीस माणसं मी एका ओळीत घरी बसवली होती.

दुसऱ्या दिवशी कलम परत आलं. आपल्या सिनेटरनी ते नसेल तर मत देणार नाही असं कळवलं होतं. त्यांच्या कचेरीतला माणूस हसत मला म्हणाला, "तुमच्या गावची एक बाई तीन दिवस आमच्या बाकावर ठाण मांडून बसलीय. मांडीवर माशांचं खोकं. येईल त्याच्या हातात मासा देते आणि म्हणते, हा पाण्यात सोडायचा की भिंतीवर लावायचा, तुम्हीच सांगा!" मी उठून बघायला गेले. कॉरीन होती.

हो, तुझी बायको. तुला सोडून गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. दोन वर्षं तिने कारखान्याचे कागद सांभाळत तुला सांगितलं की हा कर आपल्याला खाणार, आणि तू सगळ्या कामगारांसमोर म्हणालास, "तुझ्या कागदांनीच घर बुडवलं." ती एका बॅगेनिशी डुलूथला गेली आणि इस्पितळाच्या स्वयंपाकघरात लागली. तिथून रजा काढून, दोन दिवस बसने प्रवास करून ती इथे आली होती. मी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, घेवड्याचं सूप समोर ठेवलं. ती म्हणाली, "त्याला सांगू नकोस, ऑर्डिस. माझे उपकार घेण्यापेक्षा तो कारखान्याला कुलूप लावेल. तुझे घेईल." मी म्हटलं, "अगं, मी तर ते काढायला लावलं." तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "मग तर तू गप्प बसायलाच हवं. नाहीतर त्याला बहीणही उरायची नाही."

यंदाही तिचंच काम. मुदत संपत आली तशी तिने तीन राज्यांतल्या मासे कोरणाऱ्यांना शोधून काढलं, त्यांच्याकडून पत्रं लिहून घेतली, सिनेटरच्या कचेरीत नेऊन दिली. तू मला फोन केलास, "ताई, तू आहेस ना तिथे?" आणि निर्धास्त झालास. मी याही वेळी बाजूला झाले. फक्त जास्तीची ओळ लिहिली नाही. आज मंजुरी होताच मी आधी तिला कळवलं. ती मोठ्याने हसली. "सुटलो गं बाई!" मी विचारलं, आता तरी त्याला सांगू का? "सांग. आता रागावून तो काय करणार? फार तर दोन दिवस कुणाशी न बोलता लाकूड तासत बसेल."

आणि आज घाईने लिहिण्याचं कारण म्हणजे मंगळवारी आलेलं तुझं आमंत्रण. मी निवृत्त होतेय म्हणून चौदा तारखेला गावच्या सभागृहात जेवण, मधली खुर्ची माझी, आणि माझं नाव कोरलेला चार फुटी मासा. नाव कोरायचं थांबव. मी येईन, बाह्या सरसावून वाढायला उभी राहीन म्हण हवं तर, पण त्या खुर्चीत बसणार नाही. तिथे कुणाला बसवायचं ते तुला कळलं असेल. तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. फोन मात्र तूच करायचा. मी मध्ये पडणार नाही. नंबर देऊ का, असं मी तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "चारनंतर असते मी घरी."

तुझीच,
ऑर्डिस